राहिलेलीचा पाट

॥ श्री अंबाबाई प्रसन्न ॥
ही वही सौ. कुमुदिनी दिनकर हसबनीस यांची. मु. मिरज, हल्ली मुक्काम गुरुग्राम.

मंगळवार, ९ सप्टेंबर

सुखरूप पोचले. गाडीला दोनच तास उशीर. निजामुद्दीनला नचिकेत घ्यायला आला होता. केस आता माझ्याहून लांब झालेत, अंगात काळा सदरा, त्यावर कवटी. शेजारच्या बाकावरच्या बायकांनी पिशव्या जवळ ओढल्या. त्याने फलाटावर वाकून नमस्कार केला तेव्हा कुठे त्यांचा जीव भांड्यात पडला.

घर सतराव्या मजल्यावर. उजेड भरपूर. देवघर स्वयंपाकघराच्या फडताळात आहे, पण पूर्वेला तोंड करून, हे सुनेनं आठवणीनं केलंय. सोसायटीची पद्धत मला फार आवडली. कुणी आलं की फाटकावरचा गार्ड इंटरकॉम करतो, अमुक आलेत, भेजूँ? आपण हो म्हटल्याशिवाय कुणी वर येऊ शकत नाही. गार्डचं नाव नरसिंह, गढवालचा. मिरजेला दुपारी डोळा लागतो न लागतो तोच कुणीही कडी वाजवतं, तसं इथे नाही.

उत्तराला पाचवा लागलाय. डॉक्टरीणबाईंनी जपायला सांगितलंय, आणि तिची आई चार वर्षांमागे गेली, म्हणून मी जानेवारीत बाळंतपण होईपर्यंत राहणार. पोर दिल्लीत, आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरात वाढली. मराठी बोलते, पण शब्द कमी पडतात. मी मिरजेहून आणलेल्या पाटाला म्हणाली, आई, हा लकडीवाला छोटा स्टूल किती क्यूट आहे. उलथन्याला पलटनेवाला म्हणते. मला हसू आलं. पण गुणी आहे. माझे पाय दाबायला बसली, मीच उठवलं तिला.

वही नेहमीसारखी, मागून घरखर्च आणि पुढून रोजनिशी. लिहिल्याशिवाय मला दिवस मिटल्यासारखा वाटत नाही.

गुरुवार, ११ सप्टेंबर

नचिकेत पाच दिवस कंपनीत आणि दोन दिवस बँडमध्ये असतो. बँडचं नाव भुईकोट. नचिकेत गातो. जयेश गिटार वाजवतो आणि रेकॉर्डिंगचं यंत्रही तोच सांभाळतो. नीरज ढोल बडवतो, त्याला ड्रम म्हणायचं. प्रकाराला हेवी मेटल म्हणतात. एक गाणं मी नेटाने शेवटपर्यंत ऐकलं. सुकं खोबरं मिक्सरला लावलंय आणि कुणाला तरी उलटी होतेय, असं वाटलं. तसं सांगितलं तर तिघेही खूश. जयेश म्हणाला, काकू, हे पोस्टरवर छापतो.

त्यांचा पहिला अल्बम होतोय. तीन वर्षं त्यात घातलीत. नऊ गाण्यांतली आठ झाली, एक अडलंय. नचिकेतला त्या गाण्यात आपलं नवमीचं बोलावणं हवंय. लहानपणी दाराआड उभा राहून ऐकायचा, म्हणे अंगावर काटा यायचा.

आमच्या घरी अविधवा नवमीला, म्हणजे पितृपक्षातल्या नवमीला, सवाष्णपणी गेलेल्या बायकांना जेवायला बोलावतात. थोरली सून पान वाढते आणि हाक मारते. मी हसबनिसांची कुमुदिनी बोलावते, पान वाढलंय, पाणी ठेवलंय, या. मग अकरा नावं. ही नावं लिहायची नसतात, सासूनं सुनेच्या कानात सांगायची. सगळ्याचं टिपण ठेवणारी मी, पण ही नावं कागदावर नाहीत. सहावीला तर नावच नाही, तिला थोरल्या बाई म्हणायचं. अकराजणींचं मिळून एक पान, आणि बाजूला एक रिकामा पाट. तो राहिलेलीचा. शेवटी एकदाच, हळू म्हणायचं: नाव विसरलं अशी जी कोणी राहिली असेल, तिनं यावं, तिचा पाट मांडलाय.

जेवणं झाली की पान उचलायच्या आधी बोळवण. एकेकीचं नाव घेऊन अक्षता टाकायच्या, जेवलात, निवालात, आता आपल्या वाटेनं जा. राहिलेलीचं नाव माहीत नसतं, म्हणून तिचा पाट पालथा करायचा. सासूबाई दरवर्षी बजावायच्या, पाट विसरू नकोस गं. निनावी बाई घर धरून बसते, मग कुणीतरी आपलं नाव तिला दिल्याशिवाय ती हलत नाही. हसत हसत सांगायच्या, म्हणून मी पुढे कधी विचारलं नाही.

मिरजेला फोन करून यांना विचारलं. हे म्हणाले, देवाला माईकचं वावडं नाही. मग मी हो म्हटलं. नवमी सोमवारी आहे, बोलावणं मी घालणारच होते.

सोमवार, १५ सप्टेंबर

आज पानिपत. नीरजच्या वडिलांची हातमागाची शेड आहे तिथे, माग विकून टाकलेत, नुसते खांब उरलेत. आवाज छान घुमतो म्हणून पोरं तिथे रेकॉर्डिंग करतात. बाहेर पिवळं ऊन, लांबवर सपाट रान. नीरजच्या आईनं शेणानं सारवून ठेवलं होतं, मला फार बरं वाटलं.

खोटं खोटं मी करणार नाही हे आधीच सांगितलं होतं. वरणभात, तूप, खीर, भाजी, सगळं घरून रांधून नेलं. बरोबर साडेबाराला पान वाढलं.

उत्तरा नको म्हणत असताना आली होती. मी बसणार तेवढ्यात जवळ येऊन म्हणाली, आई, मम्माचं नाव पण घ्याल? तिची आई, स्वरूपाताई, सवाष्णच गेली. मी म्हटलं, बाळ, हे हसबनिसांचं बोलावणं, माहेरचं नाव यात घेत नाहीत. बरं म्हणाली. पण ओठ मुडपून भिंतीकडे बघत बसली, आणि माझा जीव गलबलला. म्हटलं, नाव घेता येत नाही, पण राहिलेलीच्या हाकेवर येईल बापडी. म्हणून ते शेवटचं वाक्य मी एकदा न म्हणता तीनदा म्हटलं. आणि हळू नाही, चांगलं खणखणीत. शेड घुमली.

जयेशनं हात वर केला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. नीरज म्हणाला, आंटीजी, रोंगटे खड़े हो गए. चहा आला. त्या गडबडीत नीरजच्या आईनं मला काम नको म्हणून पान उचललं, पाट धुतला आणि गाडीत ठेवूनही दिला. चांगल्या मनानं केलं. मी बघते तो जागा स्वच्छ. पोरांना हायवेवर गर्दी व्हायच्या आत निघायचं होतं.

बोळवण गाडीत बसून पुटपुटले. घरी येऊन पाट पालथा केला. देवाला कळतं सगळं.

शनिवार, १ नोव्हेंबर

काल अल्बम आला. हल्ली तबकडी नाही, कॅसेट नाही, फोनवरच येतो. नाव ठेवलंय राहिलेली. मुखपृष्ठावर आपला पाट. मी शेवया करून सगळ्यांना वाढल्या.

माझं गाणं तिसरं. आधी माझा एकटीचा आवाज, मी हसबनिसांची कुमुदिनी बोलावते. मग त्यांचा गडगडाट. अकरा नावं काढून टाकली, लांब होत होतं म्हणे. राहिलेलीची हाक मात्र परत परत. मी मोजली, अठ्ठावीस वेळा. विचारलं की शेवट कुठे आहे. नचिकेत म्हणाला, आई, शेवट नाहीच, हाक विरत जाते, वही तो मज़ा है.

देवापुढे साखर ठेवली. पोराच्या तोंडावर आनंद मावत नव्हता.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

नचिकेत जेवताना अभिप्राय वाचून दाखवतो. मुंबईच्या एका इंग्रजी मासिकानं पाचातले चार तारे दिले. लिहिलंय की गिटारचा आवाज गढूळ आहे, उत्तरार्ध ढिला पडतो, पण तिसरं गाणं ऐकून लिहिणारा खिडकी लावायला उठला. दुसऱ्या एकानं लिहिलं, म्हातारीला पुढे करून टाळ्या मिळवल्या, हे मेटल नव्हे. नचिकेत दिवसभर त्याच्यावर चिडलेला. मी म्हटलं, म्हातारी म्हणाला तेवढं खरंच आहे. उत्तरा हसून लोटपोट.

महाराष्ट्र मंडळाचे अण्णासाहेब फोनवर रागावले. म्हणाले, वहिनी, घरातलं बोलावणं तुम्ही चव्हाट्यावर नेलंत, आणि बोळवण कुठाय त्यात? एवढ्या ऐकणाऱ्यांत शेवटाची चौकशी त्या एकट्यानं केली.

उदगीरचा एक मुलगा इथे दिल्लीत कलेक्टरच्या परीक्षेची तयारी करतो. त्यानं गाण्याखाली लिहिलंय, आजींच्या मागे ज्या बायका कुजबुजतात त्यांचं रेकॉर्डिंग जबरदस्त आहे, कानात घातलं की पाठीमागे बसल्यासारख्या वाटतात. जयेशला विचारलं. तो म्हणाला, काकू, माईक एकच होता, आणि आवाजही तुमचा एकटीचा.

सोमवार, १० नोव्हेंबर

बाहेर धूर एवढा की समोरचा टॉवर दिसत नाही.

दुपारी साडेबाराला इंटरकॉम. नरसिंह म्हणाला, आंटीजी, एक लेडीज़ आई हैं आपके यहाँ, नाम पूछा तो चुप. मी म्हटलं, कुणाला बोलावलेलं नाही. तो म्हणाला, वो तो कह रही हैं बुलाया है. मग, अरे, अभी तो यहीं थीं.

आमटी आज अळणी लागली. मीठ मी घातलं होतं. वरून घातलं, तरी तशीच. भात, लोणचं, कशालाच चव नाही, नुसतं तोंडात माती फिरवल्यासारखं. मला सर्दी झाली असेल. पण नचिकेतनेही ताट सारलं.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

उत्तराची भूक वाढलीय. चार पोळ्या, दोन मुदी भात, वर परत मागते. सातवा आहे, वाढायचीच. तिचं मराठीही सुधारतंय. आज पातेल्यात डोकावून म्हणाली, एवढं रांधलंत, लष्कराला पुरेल. रांधणे हा शब्द तिच्या तोंडी पहिल्यांदाच. मी खूश होऊन विचारलं कुठे शिकलीस. म्हणाली, त्या म्हणतात तसं. कोण त्या, विचारलं. मग हळूच म्हणाली, आई, हसू नका, मम्मा येते दुपारी. मैं पक्का बोल रही हूँ. जेवायला बसलं की शेजारी बसते.

पोरकी पोर आहे. पण तिच्या आईला जाऊन चार वर्षं झाली, सरकारी कचेरीत नोकरी केली, ती बाई कशाला म्हणेल लष्कर.

इंटरकॉम साडेबाराला रोज. आज तिघी होत्या म्हणे. नाव एकीनंही सांगितलं नाही.

बुधवार, २६ नोव्हेंबर

डॉक्टरीणबाईंकडे गेलो. बाळाचं वजन तीन आठवड्यांत तसूभर वाढलेलं नाही. उत्तराचं दोन किलो उतरलंय. बाई मला विचारत होत्या, खायला देता ना नीट. आयुष्यात कुणी मला हे विचारलं नव्हतं. खालमानेनं हो म्हटलं.

येताना गाडीत उत्तरा खिडकीबाहेर बघत होती. एकदम म्हणाली, राहुटीत दाणा नाही बाई. महिना झाला झाडपाल्यावर.

मी तिचा हात धरला. गार. मला ती आई म्हणते, बाई कधीच म्हणत नाही. क्षणानं म्हणाली, आई, ये राहुटी क्या होता है?

मी तिला सांगितलं नाही. राहुटी म्हणजे फौजेचा तंबू.

शनिवार, २९ नोव्हेंबर

दोन दिवस विचार करतेय. शाळेत पानिपत शिकले होते. किती माणूस पडलं ते पाठ केलं होतं, पेशवे, सरदार, सगळ्यांची नावं. फौजेबरोबर बायकाही गेल्या होत्या, एवढी एक ओळ होती. नाव एकीचंही नव्हतं. मास्तरांनी विचारलं नाही, आम्हीही नाही.

त्या रानाच्या कडेला बसून मी मराठीत हाक मारली. वरणभात वाढून. नाव विसरलं अशी जी कोणी राहिली असेल. तीनदा, खणखणीत.

इतक्या वर्षांत त्यांना जेवायला या असं कुणी म्हटलं असेल.

बुधवार, ३ डिसेंबर

आज सगळं यथासांग केलं. आंघोळ, सोवळं, पान, साडेबाराला बोलावणं, आणि पान उचलायच्या आधी बोळवण. पाट पालथा केला. दुपारी उत्तराला आमटी खारट लागली. मी आनंदानं रडले.

चारला पाट बघितला तर सुलटा.

नचिकेतला सगळं सांगितलं. वाटलं हसेल. हसला नाही. म्हणाला, आई, तू पाट पालथा केलास तेव्हाही कुठे ना कुठे गाणं चालू असणार. सारखं चालू असतं. अकरा लाख वेळा ऐकलंय लोकांनी.

माझाच आवाज. मी इथे जा म्हणते, आणि तिकडे मीच या म्हणते.

मंगळवार, ९ डिसेंबर

गाणं काढून टाकायचं म्हटलं तर अल्बमवाली कंपनी ऐकत नाही, कागदावर सह्या झाल्यात. आणि काढूनही उपयोग नाही, लोकांनी उतरवून घेतलंय. त्या एका वाक्यावर पोरीबाळी लहान लहान चित्रफिती करतात. पाटावर नवरी. पाटावर मांजर. खाली लिहितात, तिनं यावं.

नचिकेतच म्हणाला, मग बोळवण पण टाकू. जयेश आला, इथेच बैठकीच्या खोलीत माईक लावला. मी बोळवण म्हटली. मनापासून म्हटली. नचिकेतनं त्यावर काही वाजवलं नाही, नुसता माझा आवाज ठेवला. दहावं गाणं म्हणून परवा येईल. जे ऐकतील त्यांच्या घरून त्या जातील. देवा, ऐकू दे.

सोमवार, १५ डिसेंबर

चार दिवसांत एकशे बारा जणांनी ऐकलं.

अभिप्राय आले. यात गिटार कुठाय. भरताड. आजी, आता पुरे. उदगीरच्या मुलानं लिहिलंय, हे ऐकू नका, हे लावलं की त्या जातात, मग अभ्यासाला एकटं बसवत नाही.

तिसरं गाणं सोळा लाख.

नचिकेत स्वयंपाकघरात उभा राहून रडला. पाचवीत असताना रडायचा तसा, आवाज न करता. म्हणाला, आई, मी एवढंच मागत होतो गं, लोकांनी ऐकावं.

रविवार, २१ डिसेंबर

उत्तरा खाली बसून जेवते, खुर्ची नको म्हणते. दोन घास इकडे, दोन घास तिकडे ठेवते. विचारलं तर म्हणते, पंक्तीत एकट्यानं गिळावं का, बाई. पाचपाच पोळ्या. हाताची हाडं दिसतात.

संध्याकाळपर्यंत परत आपली होते. आई, मुझे डर लग रहा है, म्हणते. ही मम्मा नाही आहे. मम्माला माझं नाव माहितीये. ह्या मला विचारतात, तुझं नाव काय, आम्हांला दे.

डॉक्टरीणबाई म्हणतात, भरती करू. तिथेही साडेबाराला जेवण येणारच.

शुक्रवार, २६ डिसेंबर

यांना फोन केला. सहावीबद्दल विचारलं. थोरल्या बाईंना नाव का नाही.

हे म्हणाले, आत्या सांगायची, त्यांना नाव होतं. तिशीपर्यंत होतं. मग एका नवमीनंतर घरात कुणालाच आठवेना. नवऱ्याला नाही. मुलं अगं म्हणून हाक मारायची. त्या वर्षी घरातली धाकटी सून बाळंतपणात वाचली होती, एवढं लक्षात आहे.

मग म्हणाले, तू कशाला विचारतेस?

म्हटलं, सहज.

सोमवार, ५ जानेवारी

वजन तेच. बाळाचे ठोके मंद, डॉक्टरीणबाई म्हणाल्या. कळा येऊ देत, नाहीतर पंधराला आपरेशन.

इंटरकॉम. नरसिंह. आंटीजी, गिनती नहीं हो रही. धुएँ में खड़ी हैं सब. कोई बोलती नहीं, बस ऊपर देखती हैं.

मी पडदा सारला. सतराव्या मजल्यावरून खाली काही दिसत नाही. धूर. पण धूर हलत होता, पदर हलतात तसा —

शनिवार, १० जानेवारी

उत्तरा आज आरशापुढे उभी. कुंकू लावत होती, मोठं, आडवं. मी हाक मारली. वळली नाही. तीनदा मारली.

मग म्हणाली, बाई, कुणाला बोलावता?

सारखं तिचं नाव घेते आहे. पोळ्या लाटताना, जप करताना. उत्तरा, उत्तरा. घट्ट धरून ठेवल्यासारखं.

मंगळवार, १३ जानेवारी. भोगी

तिला आज आपलं नाव सांगता आलं नाही. नचिकेतनं विचारलं, खेळात विचारल्यासारखं. ती विचार करत राहिली.

नाव मीच देणार आहे. हाक माझी होती, पान माझं होतं. तिनं का द्यावं.

देवापुढे सांगितलं. हलवा केला, तिळगूळ केला. ताट उद्याचं तयार.

बुधवार, १४ जानेवारी. संक्रांत

सकाळी सातला कळा. दोघं हॉस्पिटलात. मी मुद्दाम मागे राहिले. म्हटलं, हळदीकुंकू आहे माझ्याकडे.

साडेबारा. इंटरकॉम आला. मी म्हटलं, एकीला भेज. एकीलाच.

पाट मांडला. दार उघडं ठेवलं.

लाकूड करकरलं, बाईमाणूस टेकल्यावर करकरतं तसं. हळद लावली. कुंकू लावलं. खाली पडलं नाही. तिथेच राहिलं, कपाळाएवढ्या उंचीवर. तिळगूळ दिला. मग म्हटलं, माझं नाव घे बाई. तुला दिलं. परत मागणार नाही. जेवलीस, निवालीस, आता आपल्या वाटेनं जा. आणि नावानं हाक मारली तिला.

कुंकू जमिनीवर पडलं.

पाट पालथा केला. पालथाच आहे. बघते आहे, पालथाच आहे —

पाऊण. नचिकेतचा फोन. मुलगी. रडली म्हणाला, खच्चून रडली. वजन चांगलं आहे, डॉक्टरीणबाईंना पण कळेना कसं. उत्तरा शुद्धीवर, वो तिलवाला लड्डू मागतेय. माझी पोर. माझी पोर परत आली.

म्हणाला, उत्तरा म्हणते मुलीला आजीचं नाव ठेवू. आई, तुझं — आणि थांबला. हसला. बघ ना, आनंदात काही सुचत नाही, म्हणाला.

मीही हसले.

इंटरकॉम.

नरसिंह. आंटीजी, सब ऊपर आना चाहती हैं. इस बार नाम बता रही हैं. सबका एक ही नाम. लिखते लिखते रजिस्टर का पन्ना भर गया.

कोणतं, विचारलं. त्यानं सांगितलं.

चांगलं नाव आहे. ऐकल्यासारखं वाटतं.

या वहीच्या पहिल्या पानावर तेच आहे. कुणाची तरी वही. अक्षर नीट आहे बाईंचं. माझ्याकडे कशी —

पाट सुलटा झालाय.

नरसिंह विचारतोय, भेजूँ? परत विचारतोय, आप कौन बोल रही हैं? जिन्यात बांगड्या वाजताहेत. सांगते त्याला. सोपं आहे. रोज म्हणते मी. मी हसबनिसांची